गिधाडकड्यावरचा गप्प दोर

माझा हात थरथरतो, हे मला पहिल्यांदा एका दोराने सांगितलं. नवऱ्याने नाही, बहिणीने नाही, रोज माझ्या हातचा चहा पिणाऱ्या केंद्रातल्या एकानेही नाही. मेल्या दोराने! तेही सगळ्यांसमोर, लाल दिवा लावून.

मी शैला दराडे. वय बावन्न. अकोले तालुक्यात करवंदवाडीच्या डोक्यावर गिधाडकडा आहे, त्याच्या पायथ्याशी आमचं गिर्यारोहण प्रशिक्षण केंद्र. सव्वीस वर्षं मी तिथे लोकांना चढायला शिकवते. मी तापट आहे. हे तुम्हाला तालुक्यात कुणीही सांगेल, म्हणून मीच सांगून मोकळी होते.

आम्ही शिकलो तेव्हा कड्यात भोकं पाडून पोलादी खिळे ठोकायचो आणि त्यात दोर अडकवायचो. आता तसं चालत नाही. कड्याला भोक पाडायचं नाही, हा कायदा होऊन नऊ वर्षं झाली. शिवाय गुरांची ती विषारी औषधं बंद झाल्यावर गिधाडं परत आली, आणि आली ती नेमकी आमच्याच कड्यावर. आज त्रेचाळीस घरटी आहेत. म्हणून कड्यापासून दोनशे पावलांवर एक पांढरा दगड रोवलाय, त्याच्या आत बारा महिने मौन. हाक नाही, शिट्टी नाही, शाब्बासकीसुद्धा नाही. कपारींत आवाज टिपणारी यंत्रं बसवली आहेत. कुणी ओरडलं की कडा महिनाभर बंद. माझ्यासारख्या बाईला ही केवढी शिक्षा आहे याचा विचार करा.

खिळे गेले, तेव्हा सुरक्षेसाठी हा दोर आला. त्याचं नाव 'सावध'. दिसायला साधा दोर, पण पोटात केसाहून बारीक काचेचा तंतू. त्या तंतूतून सारखा उजेड सोडलेला असतो. दोर कुठेही किंचित ताणला की तिथून परतणाऱ्या उजेडाचा रंग किंचित बदलतो, आणि त्यावरून कुठल्या वितीवर किती ताण आला हे सेकंदाला हजार वेळा कळतं. चढणाऱ्याच्या आणि दोर धरणाऱ्याच्या मनगटावर एकेक पट्टी असते, ती स्नायूंतली वीज वाचते. यंत्राने आधी हजारो पडणारी माणसं अभ्यासलेली आहेत. त्यामुळे माणूस घसरायच्या सेकंदभर आधी ते ओळखतं आणि दोर धरायची कळ आपोआप आवळतं. चांगलं यंत्र आहे. नावं ठेवत नाही मी.

फक्त ते दोर धरणाऱ्यालाही जोखतं. हिरवा, पिवळा, लाल.

त्या सोमवारी दोरावर यमुना होती. यमुना भांगरे, करवंदवाडीचीच, वय तेवीस. सहाव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. नाशिकला वसतिगृहात राहून शिकली, तिथेच फोनवर तक्रारी ऐकायची नोकरी धरली आणि आठ महिन्यांत सोडून गावी आली. "दिवसभर खुर्चीत बसून माणसांचा राग ऐकायचा, ताई, यापरीस शेण थापलेलं बरं," असं तिचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी ती केंद्राच्या दारात उभी राहिली आणि मी तिला शिकवायला घेतलं.

दिसत नसलेल्या माणसाला चढवताना वरून सांगावं लागतं. उजवा हात, घड्याळात दोन वाजतात त्या दिशेला, वीतभर वर, असं. आमच्या कड्यावर बोलायची सोय नाही. कानात बसणारा फोन देऊन पाहिला, तर तिने दोनदा काढून खिशात टाकला. म्हणाली, "यानं मला वारा ऐकू येत नाय." मग काय, तशीच चढायला लागली. मी वर काठावर बसायची, दोर माझ्या हातातून सरळ तिच्या कमरेला. आणि पोरगी एकही शब्द न ऐकता अशी चढायची की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत. कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगायची, शिकवणं शिकवणं म्हणतात ते हे.

आता तेरा दिवसांवर तिची कडा-मार्गदर्शकाची परीक्षा होती. पास झाली तर केंद्रात कायमची नोकरी, गावातच. दिसत नसलेल्या माणसाला हा परवाना आजवर कुणी दिला नव्हता. नापास झाली तर पुन्हा नाशिक आणि ती खुर्ची.

आणि अशा वेळी ती अर्ध्या कड्यावर असताना माझ्या शेजारी लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: दोर धरणारी व्यक्ती अस्थिर.

यमुना सुखरूप वर आली. तिला दिवा दिसायचा प्रश्नच नव्हता. पण खाली उभ्या असलेल्या बाकीच्यांना दिसला. मी खाली उतरले, पांढरा दगड ओलांडला आणि ओजसवर तोंड सोडलं. ओजस कर्णिक म्हणजे दोर बनवणाऱ्यांकडून तीन महिन्यांसाठी आलेला इंजिनिअर, तिशीचा, सालस.

"तुझं यंत्र बिघडलंय."

"असेल, ताई. बघतो," तो म्हणाला.

त्याने तीन वेगवेगळे दोर लावून पाहिले. तिन्ही वेळा लाल. मग त्याने मला पडद्यावर एक रेघ दाखवली, बारीक दाते असलेली.

"हा तुमचा उजवा हात. सेकंदाला पाच वेळा हलतोय. डोळ्यांना दिसणार नाही इतकं कमी, पण हलतोय."

मी हात पुढे धरला. स्थिर होता. म्हणजे मला तरी स्थिर दिसला. मग दिसेना. मग पुन्हा दिसला. स्वतःच्या हाताकडे इतका वेळ कधी बघू नये, तो दुसऱ्याचा वाटायला लागतो.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. शेवटची तीन वर्षं ते सतत उजवा हात खिशात घालून फिरायचे. आम्हाला वाटायचं, निवृत्तीनंतर अण्णांना साहेबी थाट सुचलाय. आम्ही चिडवायचोसुद्धा. मग एकदा बशीतला चहा सगळा शर्टावर सांडला तेव्हा कळलं. कंपवात.

मंगळवारी मी संगमनेरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला बोट नाकाला लावायला सांगितलं, कागदावर चकली काढायला लावली, चालायला लावलं.

"सुरुवात असू शकते," ते म्हणाले. "नसूही शकते. नुसत्या ताणानेही असं होतं, वयानेही होतं. सहा महिन्यांनी या."

"पण आहे की नाही?"

"आज दोन्ही शक्य आहे."

कप्पाळ माझं! गेले तेव्हा एक प्रश्न होता, आले तेव्हा दोन होते. बसमध्ये सगळ्या वाटेत मी हात मांडीखाली दाबून बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, थंडी वाजतेय का हो? मी म्हटलं, हो.

ओजसने तोड काढली. "दोर धरायच्या कळीत एक बारकी मोटर आहे, ताई. हात केसभर उजवीकडे गेला की ती केसभर डावीकडे जाते. थरथर तिथल्या तिथे मरते, दोरात उतरतच नाही. तुम्ही मुद्दाम ओढलंत, ढील दिलीत, तर ते जातं. फक्त ही बारीक हालचाल गाळली जाते. आम्ही त्याला गाळणीच म्हणतो."

"मग दिवा?"

"हिरवा. सरावाला मी आत्ता चालू करून देतो. परीक्षेला मात्र रीतसर नोंदवावं लागेल."

"कसं नोंदवायचं?"

त्याने फॉर्म दाखवला. यमुनासाठी मीच भरलेला होता तो. त्यात एक रकाना होता, 'अपंगत्व आणि आवश्यक साहाय्य'. चढणाऱ्यासाठी एक ओळ आणि दोर धरणाऱ्यासाठीही एक ओळ. ती दुसरी ओळ मी इतक्या वर्षांत कधी वाचलीसुद्धा नव्हती.

"मी? त्या रकान्यात?" मी म्हटलं. "तू चहा पी आणि जा."

पण गाळणी मात्र चालू करून घेतली. खोटं कशाला बोलू?

बुधवारी सकाळी दिवा हिरवागार. मला इतकं हायसं वाटलं की डॉक्टरच चुकले असणार, असं ठरवून मी मोकळी झाले. यमुना चढायला लागली. कड्याच्या मध्याला खडक बाहेर आलाय, त्याला आम्ही पोट म्हणतो. वरचा काठ बाजूने वळून पुढे आलाय, म्हणून मी बसते तिथून पोटाखालचंही दिसतं. ती जागा तिने चाळीसेक वेळा पार केली असेल. त्या दिवशी पोटाखाली आली आणि थांबली. उजव्या हाताने एक पकड धरली, सोडली, पुन्हा धरली. मी वरून बघत होते. पकड चुकीची होती, निसरडी, धुळीने भरलेली. सोड ती, सोड, मी मनात म्हणत होते. सोडेना. मिनिट गेलं. मग तिने त्याच पकडीवर भार टाकला आणि घसरली.

दोराने हातभर खाली झेलली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा घसरली होती. आणि मला तोंड मात्र मिटलेलंच ठेवावं लागलं.

खाली उतरून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, ती पांढऱ्या दगडापर्यंत मुकाट चालली. दगड ओलांडला आणि फाडकन बोलली, "रागावलात का ओ ताई माझ्यावर?"

"मी कशाला रागावू? तू घसरलीस कशी ते सांग."

"तुम्ही गप्प बसला म्हणून घसरले."

"वर गप्पच बसायचं असतं, यमुना."

"तोंडानं नाय. हातानं. रोज सांगता ना, तसं आज एकदा पण सांगितलं नाय. दोर नुसता लोंबत व्हता. मला वाटलं, माझं काय तरी चुकलं."

"मी हाताने काय सांगते?"

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. "आता घ्या! चुकीची पकड धरली की दोर बारीक हलतो. इथं, कमरेला कळतं. मंग मी ती सोडते, दुसरी बघते. बरोबर असली की दोर शांत. तुम्हीच शिकवलंत की."

"मी कधी शिकवलं?"

"बोलून नाय शिकवलं. तुमचाच नियम हाय ना, दोरावरचं खाली आणायचं नाय. म्हणून मी पण कधी विषय काढला नाय."

हा नियम माझाच. चढताना कोण कुठे रडलं, कुणाचे पाय कुठे लटपटले, हे खाली येऊन चघळायचं नाही. नाहीतर पोरं एकमेकांना चिडवून चिडवून अर्धी पळून जातात. चांगला नियम म्हणून मी तो भिंतीवर रंगवून घेतला होता.

खरं सांगायचं तर पहिलं मिनिटभर मला अभिमानच वाटला. नसलेल्या विद्येचा! मग उमगलं. मी तिला कधीच काही सांगत नव्हते. एकदाही नाही. आणि ती दोन वर्षं माझं ऐकत होती.

"ताई? काय झालं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "आज जरा लक्ष नव्हतं माझं."

हे खोटं मी इतक्या सहज बोलले की माझंच मला नवल वाटलं.

गुरुवारी सकाळी ओजसला गाठून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचे डोळे चमकायला लागले. तीन महिन्यांतल्या एकतीस चढायांची नोंद त्याच्याकडे होती. त्याने माझ्या हाताची रेघ आणि यमुनाच्या पकडींची रेघ एकाखाली एक लावली.

"ताई, हे बघा. दोनशे आठ वेळा तुमची थरथर वाढली. त्यातल्या एकशे एकाहत्तर वेळा तिने दीड सेकंदाच्या आत पकड सोडली." तो पडद्यावर बोट फिरवत राहिला. "आणि जिथे यंत्रालाही धोका दिसला, तिथे तुमचा हात यंत्राच्या आधी हललाय. कमाल आहे!"

"म्हणजे कसं?"

"साधं आहे. तुम्हाला वरून दिसतं की ती चुकतेय. मनावर ताण येतो. ताणाने थरथर वाढते. बँकेत सही करताना कुणी बघत असलं की हात कसा जास्त हलतो, तसं. तुम्हाला कळायच्या आत तुमच्या हाताला कळतं, आणि दोर तो निरोप तिच्या कमरेला पोहोचवतो."

म्हणजे माझा आजारी हात त्या महागड्या यंत्रापेक्षा हुशार निघाला. आजारी असला तर. यावर आनंद मानायचा की काय करायचं, मला कळेना. मी म्हटलं, "मग काढून टाक गाळणी."

ओजसने पडद्यावरची रेघ पुढे सरकवली. अजून काहीतरी बघत होता तो. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "या एकशे एकाहत्तरमधल्या चाळीस पकडी पक्क्या होत्या, ताई. त्या धरून असताना दोरावर जराही भार आला नव्हता. तिने चांगली पकड सोडून दिली, कारण तुमचा हात हलला. पहिल्या महिन्यात असं चार वेळा झालंय. दुसऱ्यात अकरा. या महिन्यात पंचवीस."

मी मान वळवली. तो बोलतच होता. "बारा तारखेला पोटाखाली तिने उजवा हात भक्कम पकडीवरून काढला आणि डाव्या एका हातावर लोंबकळली. घसरली नाही, म्हणून यंत्रानेही काही म्हटलं नाही."

बारा तारीख मला आठवत होती. मला वाटलं होतं, काय धीट झालीय पोर!

आता ऐका माझी गत. गाळणी काढावी तर दिवा लाल, आणि हात बिनकारण बोलत सुटणार. ती बिचारी ऐकणार आणि एक दिवस दोन्ही हात सोडणार. गाळणी ठेवावी तर जिच्या भरवशावर ती दोन वर्षं चढली ती खूणच नाही, आणि परीक्षा दहा दिवसांवर. दुसऱ्या कुणाला दोर धरायला बसवावं तर तेच. शिवाय तिने सोडलेल्या कुठल्या पकडी माझ्या खऱ्या भीतीमुळे सोडल्या आणि कुठल्या नुसत्या आजारामुळे, हे तेव्हा मला तरी कुठे कळत होतं?

"तिला सांगू नका," ओजस म्हणाला. "आत्मविश्वास जाईल. दोराची सेटिंग बदललीय एवढंच सांगू."

त्याचा सल्ला मला फार आवडला. दिवसभर तो मी मनात घोळवला. पण जी मुलगी माझ्या नुसत्या थरथरण्यावर पक्की पकड सोडून देते, तिला आणखी एक खोटं सांगायला जीभ वळेना.

शुक्रवारी आम्ही दोर धुवायला बसलो. दोर साध्या पाण्यात धुवायचा, साबण नाही, आणि सावलीत वाळवायचा. घंगाळात दोर बुडवून ती वीत वीत चाचपत पुढे सरकवत होती, मी पिळत होते. मी सगळं सांगितलं. बारा तारखेचंही.

तिचे हात थांबले नाहीत. आणखी एक वीत पुढे सरकवून म्हणाली, "म्हंजे दोन वरसं मला कोणी काय सांगतच नव्हतं."

"कधी सांगत होतं, कधी नव्हतं. कुठलं कुठलं, ते मलाच कळत नाही, यमुना."

"आन मी ऐकत व्हते." आता दोर थांबला. "त्या दिवशी एका हातावर व्हते ना, तवा मनात म्हटलं, ताईंनी काय तरी बघूनच सांगितलं असंल. भ्याले नाय मी. तुमच्यामुळं भ्याले नाय!"

मला रडूच कोसळलं. "माफ कर गं मला."

"हात हलतो त्याची माफी नका मागू. परवा 'लक्ष नव्हतं' म्हणाला, ते का?"

"लाज वाटली."

"कशाची? आजाराची?"

"हो."

"असं का?" तिचा आवाज चढला. मी दोन वर्षांत तिला कधी चिडलेली पाहिली नव्हती. "फॉर्म भरताना मला काय म्हणाला व्हता? रकाना म्हंजे काय कपाळावरचा शिक्का नाय, यमुना. मदत मागायची जागा हाय ती. मला सांगायला बरं जमलं!"

ती उठली, हात पुसले, काठी घेतली आणि निघून गेली. शनिवारी आली नाही, रविवारी आली नाही. मी तिच्या घरी जायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले, दोनदा. तापट माणसाला माफी मागायची सवय नसते. त्यातून एकदा मागून झालेली.

सोमवारी सकाळी ती दारात उभी.

"गाळणी लावून धरा," ती म्हणाली. "आन तुम्हीच धरायचा."

"दुसरं कुणी बसवू या का? तुला माझा भरवसा..."

"भरवसा हाय का नाय ते मला पण कळंना, ताई. पण धरायचा तुम्हीच."

त्या आठवड्यात ती नव्याने चढायला शिकली. प्रत्येक पकड आधी बोटाच्या पेराने हळूच ठोकायची आणि खडकाला कान लावायचा. आतून पोकळ असली तर कळतं म्हणे. मला नाही कळत, मी पुष्कळ ठोकून पाहिलं. तिचा वेग निम्म्यावर आला. चार वेळा घसरली, गुडघे सोलवटले. एकदा रागाने खडकावर मूठ मारली. मी वर बसून दोर धरत होते आणि हात आपला हलतच होता, आणि दोर गप्प होता.

परीक्षेच्या सकाळी मी फॉर्म घेऊन बसले. दोर धरणाऱ्याची ओळ. 'हाताला कंप. कारण अनिश्चित. साहाय्य: गाळणी.' एवढं लिहायला मला दहा मिनिटं लागली, आणि अक्षर असं आलं की वेगळा पुरावा नको. परीक्षक म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नियमात बसतं." बस्स. इतके दिवस मी ज्याला भीत होते ते तीन सेकंदांत संपलं.

नियम त्यांनी पुन्हा समजावले. वेळेचं बंधन नाही. दोर धरणाऱ्याने धोका वाटला तर दोर कधीही आवळावा, पण आवळला तर परीक्षा तिथेच संपली. हाक मारली तर कडा बंद आणि परीक्षाही बाद.

यमुना चढू लागली. ठोकायची, कान लावायची, सरकायची. ऊन चढलं. एक गिधाड घरट्यातून उठलं आणि आमच्या डोक्यावरून संथ निघून गेलं. ती पोटाखाली पोहोचली, डावा हात नीट बसवला आणि उजव्याने वर चाचपायला लागली. तिचा हात एका कपारीच्या पुढे आलेल्या कडेवर गेला.

मला ती कपारीची कड सुटी दिसली. मुळाशी काळी फट होती. माझा हात असा हलायला लागला की मनगटावरची पट्टी टकटक वाजेल असं वाटलं. सगळी थरथर कळीत जिरत होती. दोर कसा, वाळत घातल्यासारखा निवांत. यंत्राचा दिवा हिरवा. यंत्र माणसाचं घसरणं आधी ओळखतं, दगडाचं निखळणं नाही.

अंगठा कळीवर होता. आवळलं की ती सुरक्षित. आणि नापास. आणि नाशिक.

पण मी नक्की काय बघत होते? कपार सुटी होती म्हणून हात हलत होता, की हात हलत होता म्हणून मला ती सुटी दिसत होती? ती फट कालही होती का? परवा? मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला काहीच आठवेना. या महिन्यात पंचवीस वेळा माझा हात खोटं बोलला होता. आजचं सव्विसावं असेल. नसेल. देवा, मला एकदा तरी धड काहीतरी कळू दे, असं मी म्हटलं. देवही मौनक्षेत्रातच असावा.

खाली यमुनाने कपारीवर दोनदा ठोकलं. खडकाला कान लावला. थांबली. पुन्हा एकदा ठोकलं.

मी अंगठा उचलला. धीर होता म्हणून नव्हे. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, एवढं एकच त्या क्षणी मला नीट समजत होतं.

तिने कपार धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. कपार टिकली. पाय वर आला, पोट मागे पडलं, आणि पुढच्या वीस मिनिटांत तिचं डोकं काठावर दिसलं, धुळीने पांढरं झालेलं.

मी तिला आत ओढून घेतलं. बोलायची सोय नव्हती. ती माझ्या शेजारी बसली, धापा टाकत, आणि चाचपत तिने माझा उजवा हात कळीतून सोडवून आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. तो हलतच होता. तो थांबवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. बराच वेळ नुसता धरून बसली, मान किंचित कलती करून. मला तिथेच सांगावंसं वाटत होतं की हे काही नाही, याचा अर्थ लावू नकोस, पण तोंड उघडता येत नव्हतं.

खाली परीक्षकांनी तिच्या कागदावर सही केली आणि तिचा अंगठा सहीच्या जागेवर नेऊन टेकवला. ओजस बावळटासारखा हवेत हात नाचवत होता, टाळ्या वाजवायची बंदी म्हणून. यमुनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही चालायला लागलो.

पांढरा दगड मागे पडला तसं ती म्हणाली, "पोटावरची कपार पक्की व्हती, ताई. तुम्हाला सुटी वाटली ना?"

"तुला कसं कळलं?"

"वर हात धरला तवा."

"अगं, तो आपला हलतो नुसता. त्याच्यावर जाऊ नकोस. आता तरी नको."

"कधी अर्थ असतो, कधी नसतो, तुम्हीच म्हणाला ना?" ती म्हणाली. "मंग आता खाली आलं की मी विचारत जाईन."

मी भिंतीवरच्या नियमाबद्दल काहीतरी बोलणार होते. तिने खांदा जरा घट्ट धरला आणि म्हणाली, "सांगा. आत्ता कशाला हलतोय?"

मी हाताकडे बघितलं. मला माहीत नव्हतं, आणि मी तिला तसंच सांगितलं.